एक कॉम्प्युटर, पाच प्रोफाइल

आता आमच्या घरात माणसागणिक फोन आहे. कुणाला काय आलं, कुणी काय पाठवलं, कुणाचं कुणाला कळत नाही. चिंचवडच्या जुन्या घरात हॉलमध्ये एकच कॉम्प्युटर होता, तेव्हा आठवड्याला एक तरी किस्सा व्हायचाच! परवा मुलं आली होती. बोलता बोलता एक किस्सा निघाला आणि त्याच्यामागून बाकीचे निघतच राहिले. चहा दोनदा झाला.

कॉम्प्युटर घेतला होता मुलाच्या, रोहनच्या अभ्यासासाठी. पण हळूहळू मेल सगळ्यांनाच हवा झाला. मग रोहनने पाच जणांची पाच प्रोफाइल करून दिली. मेल उघडला की कॉम्प्युटर आधी विचारायचा, कोण? आपल्या नावावर क्लिक केलं की फक्त आपली पत्रं दिसायची.

"म्हणजे प्रत्येकाचं वेगळं कपाट!" रोहनने समजावलं.

ह्यांनी आतल्या खोलीतल्या खऱ्या कपाटाकडे बघितलं. "तिथे माझा एकच खण आहे. इथे तरी पूर्ण मिळू दे!"

*

माझे सासरे, अप्पा, कंपनीतून रिटायर झालेले. त्यांनी हट्टाने पासवर्ड लावून घेतला. तो टाकताना सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावायचे. आम्ही निमूट वळायचो. मग अप्पा एका बोटाने एकेक अक्षर शोधायचे आणि मोठ्याने म्हणत टाइप करायचे!

"हं, वळा आता. कुणाला कळला नाही ना?"

"नाही अप्पा!" सगळे एका सुरात.

*

अप्पांना मेल कशाला हवा, ते कधी बोलले नाहीत. मला मात्र माहीत होतं. माझे धाकटे दीर, दीपकभाऊजी, अप्पांनी शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी सोडून हैदराबादला गेले होते. त्यावरून बापलेकांचं कडाक्याचं वाजलं आणि बोलणंच बंद झालं.

"आधी त्याने लिहावं. मी बाप आहे," अप्पा म्हणायचे. पण रोज सकाळी अंघोळ झाली की पहिलं काम मेल उघडायचं. काही आलेलं नसायचं. मग मला विचारायचे, "रात्री लाइट गेली होती का गं?"

*

ह्यांची कंपनी महाळुंग्याला. एकदा थर्ड शिफ्ट करून आले आणि डोळे मिटत असतानाच सुपरवायझरला रजेचा अर्ज पाठवून झोपले. समोर उघडं होतं आमच्या मुलीचं प्रोफाइल. तिने आपलं नाव ठेवलं होतं 'प्रिन्सेस पिंकी'.

उत्तर आलं, "प्रिन्सेस, रजा मंजूर. सोमवारी सेफ्टी शूज घालून येणे."

पुढे किती तरी दिवस कँटीनमध्ये एकच आरोळी, "थांबा राव, आधी प्रिन्सेसला वाढा!"

*

माझ्या प्रोफाइलला पासवर्ड नव्हता.

"आई, तुला कोण मेल करणार?" पिंकी म्हणाली होती. ते खरंच होतं. एका साडीच्या दुकानाचा तेवढा यायचा. 'प्रिय सुनंदा' अशी सुरुवात असायची. घरात मी आई, सूनबाई, नाहीतर नुसतं 'अगं'. त्यामुळे ते मेल मी कधी पुसले नाहीत. साडी मात्र एकही घेतली नाही!

*

दिवाळी जवळ आली होती. हैदराबादहून अजून काही नव्हतं.

"चकल्या जास्त कर," अप्पा म्हणाले.

"एवढ्या कोण खाणार, अप्पा?"

"असू देत."

चकल्या दीपकभाऊजींच्या आवडीच्या. मी भाजणी दुप्पट घेतली.

दोन-तीन दिवस गेले असतील. सकाळी मी कणीक मळत होते. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुझं टपाल बघितलंस का?"

"बघते नंतर."

गेले, आणि पोळ्या लाटेपर्यंत परत आले. "बघितलंस का?"

माझ्या मेलची चौकशी त्यांनी आजवर कधी केली नव्हती. मी हात धुऊन कॉम्प्युटरसमोर बसले. दीपकभाऊजींचा मेल होता. मी तर त्यांना काही लिहिलंच नव्हतं!

"वहिनी, तुमचं पत्र मिळालं. अप्पा रोज वाट बघतात असं तुम्ही लिहिलंत, म्हणून धनत्रयोदशीला येतोय. त्यांना सांगा. फक्त एक विचारायचं होतं. लग्न होऊन आलात तेव्हापासून मला 'भाऊजी' म्हणता. मग या वेळी 'दीप्या गाढवा' कसं काय?"