सूत्राशी जुळवलेला आकडा

कर्जतच्या बाजारात मासळीच्या बर्फाचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. कॉलेजात असताना माझ्या वर्गातली, पोशीर गावची सुनंदा आणि मी हाच बर्फ बादलीत भरून प्रयोगशाळेत नेला होता. फ्रीजमध्ये फिरणारा, गारवा आणणारा द्रव त्यात गार ठेवून आम्ही त्याची उष्णतावाहकता मोजली. बोटं बधिर झाली. आकडा पुस्तकातल्या सूत्रानं येणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त आला. पुन्हा मोजलं, तरी तोच!

“सूत्राशी जुळवा,” सर म्हणाले.

सुनंदा तडकली, “सर, सूत्र म्हंजे नुसता अंदाज हाय. आमी मोजलंय!”

“मग मोजताना चुकलात.” सरांनी लाल पेनानं आमचा आकडा खोडला.

आता त्याच कॉलेजात मी शिकवते. परवा एक विद्यार्थिनी हसत म्हणाली, “मॅडम, रीडिंग सूत्राशी जुळवूनच आणलंय.”

मी तसं सांगितलंच नव्हतं.