मधल्या जागेचे रायर

"हातानं काय देतोस? भाजी आहे काय?"

कोर्टाबाहेर गेलेला चेंडू कुणी उचलून हातानं फेकला की रायर असे ओरडायचे. चेंडू रॅकेटनंच परत आला पाहिजे. तुमच्या एका हातात चहाचा पेला असो, पाय चिखलात असो, त्यांना देणंघेणं नाही. एकदा चेंडू गटारात पडला. उचलणाऱ्यानं नाक मुरडत दोन बोटांत धरून पुढे केला. रायरांनी घेतलाच नाही. "ठेव खाली. रॅकेटवर घे. मग दे." त्यानं दिला, आणि रायरांच्या पांढऱ्या बनियनवर छातीच्या मधोमध गटाराचा गोल शिक्का उठला. माणूस खूश! दिवसभर तेच बनियन घालून गिरणीच्या स्टोअरमध्ये बसले.

तंजावरबाहेरच्या माणसाला हा खेळ सांगावा लागतो, म्हणून सांगते. बॉल बॅडमिंटन. जाळ्याच्या या बाजूला पाच, त्या बाजूला पाच, आणि पिवळ्या लोकरीचा चेंडू. तो जमिनीला लागला की संपलं. हा खेळ इथल्याच राजवाड्यात जन्मला, असं राजवाड्यामागच्या गल्ल्यांतलं प्रत्येक मराठी घर छाती फुगवून सांगतं. आमच्या घरांत राजवाड्याच्या गोष्टी पुष्कळ, राजवाड्यातलं मात्र काही नाही. रायरांकडे निदान खेळ होता.

रायर हे त्यांचं नाव नव्हे. इथले तमिळ लोक आम्हां मराठी पुरुषांना सरसकट रायरच म्हणतात. मी त्यांना मामा म्हणायची, कारण ते आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे. गिरणीत मी टायपिस्ट होते आणि युनियनची पत्रकं लिहायची. इकडे पत्रकाला नोटीस म्हणतात, म्हणून मामांच्या लेखी मी नोटीसबाई. "काय नोटीसबाई, आज कोणाचा मुडदा पाडलास?" हा त्यांचा सकाळचा रामराम.

गिरणीनं त्यांना हाताच्या कसबावर नोकरी दिली होती. कागदावर स्टोअरकीपर, खरं म्हणजे संघाचा मधला खेळाडू. पुढचे दोघे अडवतात, मागचे दोघे मारतात, आणि मधला खेळ चालवतो. कुणाकडे चेंडू जायचा, कधी जायचा, सगळं त्याच्या मनगटात. मामा चेंडू असा कापून द्यायचे की तो जाळ्यापलीकडे जाऊन विचार बदलल्यासारखा वळायचा. तिरुवैयारूच्या मैदानावर माणसं झाडांवर चढून ओरडायची, "वेट्टु, रायरे, वेट्टु!" म्हणजे काप! मी लहानपणी ते ऐकलंय, वडिलांच्या खांद्यावर बसून.

मी गिरणीत नोकरीला लागले तेव्हा मात्र झाडं रिकामी होती. घरोघर केबल आली होती, पोरं क्रिकेट बघत होती. आणि मामांचा उजवा गुडघा गेला होता.

त्या गुडघ्याशी ते बोलायचे. तेही तमिळमध्ये. मी म्हटलं, "मामा, चेंडूला तर तुम्ही मराठीत शिव्या देता."

"चेंडू आमच्या राजवाड्यातला, त्यास मराठी कळतं. गुडघा हा इथलं पाणी पिऊन वाढला. आणि मॅनेजराशी इंग्रजी." जरा थांबून म्हणाले, "तिघंही ऐकत नाहीत, ते वेगळं."

मॅनेजर नवा होता, मद्रासहून आलेला. देशाचा बाजार उघडला आहे, आता जे कमावत नाही ते ठेवायचं नाही, हे त्यानं पहिल्याच सभेत सांगून टाकलं. संघ काय कमावतो? काहीच नाही. त्यानं कॅप्टनला बोलावून तंबी दिली: या हंगामात जिंकलात तर संघ राहील, नाही तर बंद. संघातली बाकीची चार पोरं कंत्राटी होती. संघ बंद म्हणजे चौघे घरी. मामा कायम नोकरीतले, त्यांचा पगार कुठे जात नव्हता. जाणार होती ती फक्त मधली जागा. 'फक्त' हा शब्द मॅनेजरचा. त्या माणसाला त्या जागेशिवाय दुसरं काय होतं, हे विचारायला कुठल्याही कंपनीकडे वेळ नसतो. तुमच्या गावातली बघा, वेगळी निघाली तर मला कळवा.

कॅप्टन पापनाशमचा, भातशेतीवाल्याचा मुलगा. त्याला रॅकेट धरायला मामांनीच शिकवलं. कॅप्टनच्याच वयाचा एक नवा मुलगा आला होता, मनगट मामांसारखंच, गुडघे नवे. मधली जागा आता त्याची, हे कॅप्टननं मामांना सांगायला हवं होतं. तो रोज यायचा, स्टोअरच्या खिडकीशी उभा राहायचा, दोरा मागायचा, आणि दोरा घेऊन जायचा. मामाही रोज देत होते. एवढ्या दोऱ्याचं काय केलंस, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि आयुधपूजा आली.

आमच्याकडे नवरात्रात शेवटच्या पूजेला हत्यारं देवीपुढे ठेवतात. गिरणीत पाने, हातोडे, तराजू, कात्र्या, माझा टाइपरायटर, सगळ्यांना गंध, कुंकू, फूल. त्या दिवशी कुणी काही वापरायचं नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला ज्याचं हत्यार त्यानं उचलायचं आणि एकदा तरी चालवायचं, म्हणजे वर्ष सुरू. संघाच्या पाच रॅकेटी सरस्वतीच्या तसबिरीखाली पंख्यासारख्या मांडायच्या, मधली मधल्या खेळाडूची. मांडायचं काम कॅप्टनचं.

मी टाइपरायटरला हार घालायला गेले तर मामांची रॅकेट माझ्या टाइपरायटरशेजारी. पलीकडे स्टोअरचा तराजू. वर बघितलं. तसबिरीखाली पाच रॅकेटी होत्या, आणि मधली नवी कोरी.

मामा धुतलेली वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून आले. मामींनी दिलेल्या हरभऱ्याच्या चुंडलचा, म्हणजे प्रसादाच्या उसळीचा, डबा हातात. त्यांनी पाच रॅकेटी पाहिल्या. मग आपली पाहिली. सगळी गिरणी एकदम चुंडल खाण्यात बुडाली. एवढं लक्ष देऊन हरभरे खाताना मी माणसं कधी पाहिली नाहीत. मामा वाकले, गुडघ्याला हळूच काहीतरी तमिळमध्ये म्हणाले, आणि आपल्या रॅकेटीवरून घसरलेलं फूल नीट ठेवलं.

"कुंकू लावलंय," ते मला म्हणाले. "विसरले नाहीत."

मी कॅप्टनला फाटकाशी गाठलं. "सरस्वतीच्या आडून वार केलास. तोंड नाही तुला?"

"अक्का, तुम्ही लिहिता, मोकळ्या होता," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "त्यांच्यासमोर उभा राहिलो की मला अजून चेंडू उचलणारा पोरगाच झाल्यासारखं होतं. काय सांगू? अण्णा, तुम्ही बाहेर? तुम्हीच सांगा कसं म्हणायचं."

"असंच म्हणायचं."

"मग तुम्ही म्हणा ना. शेजारीच राहता."

मी घरी गेले आणि नोटीस लिहिली. टाइपरायटर पूजेत. देवावर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी त्याला हात लावायची माझीही छाती झाली नाही, हसायचं तर हसा. हातानंच लिहिली आणि संध्याकाळी मामांच्या ओसरीवर नेऊन वाचून दाखवली.

"गिरणीच्या आकाशात सूर्यासारखा तळपणारा खेळाडू—"

"सूर्यास गुडघा असतो काय?"

"मामा, ऐका तर! नफ्याच्या राक्षसाने या वीराला हाकलून—"

"मज कोणी हाकललं? पुस ते."

"मग काय लिहू?"

ते गुडघ्याला तेल चोळत होते. "चेंडू मजकडे येतो ते दिसतं. आधी दिसल्यासरशी मी तिथं असायचा. आता दिसतं, आणि मी वाटेत असतो. हे त्या पोरास दिसलं. मज त्याच्या आधी दिसलं होतं."

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"मज वाटलं, तो सांगेल. त्यास वाटलं, मी सांगेन." त्यांनी तेलाची वाटी सरकवली. "मग सरस्वतीस सांगावं लागलं. नोटीस वाटू नोको गं. त्या चौघांच्या पोटावर येईल."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. दमलेला माणूस चप्पल काढताना जसा आवाज काढतो, तसं काहीतरी ते होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. संघ त्या हंगामात जिंकला. मॅनेजरनं सगळ्यांना शाली घातल्या, फोटो काढले. आणि पुढच्या वर्षी संघ बंद केला. जिंकलात तर राहील, असं तो म्हणाला होता ना? त्याला मी विचारलं. तो म्हणाला, परिस्थिती बदलली. नव्या मुलासकट पाचही जण घरी गेले. कॅप्टन पापनाशमला बापाच्या शेतावर गेला. मामांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा! आमच्या काळातला सगळ्यात निर्लज्ज शब्द हा. मामीला घेऊन ते बंगलोरला मुलीकडे गेले, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. कोर्टावर आता लॉऱ्या उभ्या राहतात. ती नोटीस मी वाटली नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही, आणि मी ठरवण्यात सहसा वेळ घालवत नाही.

पण मामा म्हटलं की मला बंगलोर आठवत नाही. आठवते ती त्या वर्षीची विजयादशमीची सकाळ.

सगळे आपापली हत्यारं उचलून गेले. माझा टाइपरायटर एकदा खडखडवून मी कोर्टाकडे आले. पाच जण आत उभे होते, मधल्या जागेवर नवा मुलगा. मामांनीही तराजूशेजारची रॅकेट उचलली होती, कारण उचलावीच लागते. आणि ते रेषेबाहेर उभे होते. उचललेलं हत्यार एकदा चालवायचं, पण कुठे?

कॅप्टननं पहिला चेंडू मारला. वर, तिरका, सरळ बाहेर. इतका वाईट फटका त्यानं जन्मात मारला नसेल. चेंडू मामांच्या पायाशी येऊन पडला.

सगळे थांबले. मामांनी चेंडूकडे पाहिलं. रॅकेट काखेत धरली, गुडघ्याला काही न बोलता वाकले, आणि चेंडू हातानं उचलला. गालाला लावला. मग रेषा ओलांडून चालत गेले, मधल्या जागेवरच्या त्या नव्या मुलापर्यंत, आणि त्याच्या हातावर तो ठेवला.

हातानं. भाजी द्यावी तसा.