शुक्रवारी फ्यूज कशाला?

आमच्या घरी रविवार शुक्रवारी यायचा. त्या काळी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत शुक्रवारी कारखान्यांची लाईट बंद असायची, म्हणून सुट्टीही शुक्रवारी. पोरांची शाळा रविवारी बंद, ह्यांचा कारखाना शुक्रवारी. सगळे एकत्र जेवायला बसायचो ते फक्त दिवाळीत.

हे एका रंगाच्या कारखान्यात मॅनेजर होते. रंगाची भुकटी घुसळणारा तिथला मिक्सर माणूस आत उभा राहील एवढा मोठा होता, आणि तो खरवडून साफ करायचा दिवसही शुक्रवारच. बदलापूरच्या पलीकडच्या वाडीतला एक माणूस त्या कामाला यायचा. मिक्सरचे फ्यूज काढूनच आत उतरायचं, असा नियम होता. पण लाईटच नाही तर फ्यूज कशाला काढायचे, असं म्हणून ह्यांनी तो मोडीत काढला. वेळ वाचतो, असं मला कौतुकाने सांगितलंही. मलाही ते हुशारीचं वाटलं होतं.

अशाच एका शुक्रवारी आम्ही दोघं शिवमंदिरात गेलो होतो. ह्यांनी चपला काढल्या होत्या, मी बेल-फुलं घेत होते. इतक्यात शेजारच्या कारखान्यातला एक फिटर सायकलवरून येताना दिसला, हँडलला डबा लावलेला. ह्यांनी थट्टेने विचारलं, "काय हो, आज सुट्टीचं कुठे?"

"ड्युटी आहे ना साहेब. ह्या टायमाला लाईटची सुट्टी सोमवारी केलीय, नोटीस काल उशिरा लागली. काल संध्याकाळी लाईट गेली तो फॉल्ट होता. आता सोडतीलच."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काल लाईट गेली तेव्हा शुक्रवारची बंदी जरा लवकर सुरू झाली असं समजून सगळे घरी निघाले होते. मिक्सर चालता चालता थांबला होता आणि त्याचा खटका कुणी बंदच केला नव्हता.

"तो आत असेल गं," एवढंच हे म्हणाले.

फोन करून उपयोग नव्हता, ऑफिसला कुलूप. अनवाणीच रिक्षात बसले, मीही बसले. त्या माणसाची बायको मी एकदा पाहिली होती. दसऱ्याला तिने माझ्यासाठी रानातले करांद्याचे कंद आणले होते. वाटभर मला तीच दिसत होती. हिला काय सांगायचं, कोण सांगणार? वसाहतीच्या कमानीशी आलो आणि कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमधली मशीन घरघरायला लागली. लाईट आली होती. ह्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली.

गेटमध्ये शिरलो तर मिक्सरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. हे आत धावले. मी जागची हलले नाही. मला ते बघायचंच नव्हतं.

तेवढ्यात शेडच्या मागून तो आला, डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. मला आधी ते रक्तच वाटलं, मग कळलं, रंग आहे. त्याच्या मुठीत विडी तशीच जळत होती.

"इडी वढाया भायेर आल्तो, बाई," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

कामाच्या वेळी विडी ओढतो म्हणून ह्यांनी त्याला कितीदा तरी झापलं होतं. आतला आवाज थांबला. हे बाहेर आले तेव्हा हातात त्याचं खरवडायचं उलथनं होतं, पार पिळवटलेलं. त्याला बघून हे माझ्यादेखत रडले.

पुढच्या खेपेला तो माणूस मिक्सरच्या काठावर आला आणि त्याचा पाय आत पडेना. ह्यांनी फ्यूज काढले, त्याच्या खिशात घातले आणि स्वतः आत उतरले. मिक्सर त्यांनीच साफ केला. फ्यूज आत उतरणाऱ्याच्या भरवशाच्या माणसाच्या खिशात राहतील, हा नियम त्या दिवसापासून कधी मोडला नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा कानामागे तांबडं राहिलं होतं. पाटावर बसून म्हणाले, "फ्यूज त्याच्या खिशात आहेत हे मला ठाऊक होतं गं. तरी बाहेर कुणी चाललं की अंगाचं पाणी व्हायचं. आणि तो इतके दिवस फ्यूज न काढता उतरत होता, मी सांगितलं म्हणून."

मला खोबऱ्याची चटणी करायची होती. मिक्सरच्या बटणाकडे हात गेला, तसं ह्यांनी दचकून वर पाहिलं. मी पाटा-वरवंटा पुढे ओढला.