माझ्या स्वयंपाकघरातला अर्थ

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत माझ्या साडूइतका डोकं फिरवणारा सज्जन माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. दारू नाही, विडी नाही, कुणाशी भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान वर्षभर बोलणं तरी बंद ठेवता आलं असतं. हा गृहस्थ दर रविवारी सकाळी बोरिवलीहून मुलुंडला माझ्या घरी यायचा, दारात चपला काढायचा, थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि ओट्यावरचे डबे, परात, निवडायची भाजी बाजूला सारून तिथे एक इलेक्ट्रिक गिटार आडवी करायचा. बरं, वाजवता येत असती तर मी कलेसाठी म्हणून सोसलं असतं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

गिटार त्याच्या धाकट्या भावाची. मस्कतला नोकरीला जाण्याआधी हा भाऊ गणपतीत आणि लग्नकार्यांत ऑर्केस्ट्रामध्ये गिटार वाजवायचा. बहिणीच्या लग्नाच्या वेळी घरात ओढाताण झाली, तेव्हा त्याची जुनी गिटार विकून ये म्हणून त्याला सांगणारा थोरला भाऊ म्हणजे माझा साडू. हे मला बायकोकडून कळलं. तर या भावाने मस्कतहून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर सुट्या भागांच्या गिटारचा खोका पाठवला आणि निरोप दिला, "दादा, तू जोडून ठेव. पुढच्या मे महिन्यात सुट्टीवर आलो की वाजवीन." झालं. साडू विक्रोळीच्या एका कारखान्यात वायरमन. जोडून ठेव म्हटल्यावर त्याचं जेवणावरून लक्ष उडालं. लाकूड घासलं, पॉलिश केलं, मान बसवली आणि मग तारांखाली बसवायचे दोन पिकअप हातात घेतले. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे; वरची तार थरथरली की तो तिची थरथर विजेत उतरवतो आणि स्पीकरकडे धाडतो. मराठीच्या मास्तराला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, पण ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

कारखान्यात साडूचा नेम असा, की कॉइल कसलीही असो, ती सिरीजच्या दिव्यावर तपासायची. म्हणजे घरातली वीज एका दिव्यातून कॉइलमध्ये सोडायची. दिवा पेटला तर कॉइल चांगली. पंख्याला चालतं, मोटारीला चालतं, मग गिटारला का नाही? दिवा पेटेना, म्हणून त्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. धूर आला. दुसऱ्याचंही तेच झालं. आमच्याकडे फोन नव्हता, तेव्हा त्याने आमच्या शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला, "साडूला सांगा, पिकअप गेला." शेजाऱ्यांनी मला जिन्यात गाठून कार्बोरेटर कसा साफ करावा ते सविस्तर समजावलं. माझ्याकडे स्कूटर नव्हती. रविवारी साडू आल्यावर मी जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "अरे मास्तर, दोन्ही आधीपासून गेलेलेच होते. दिवा तरी पेटला का?"

मग नवे पिकअप बघणं सुरू झालं. बघणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. अंधेरीच्या गावठाणात बँडमध्ये आयुष्य घालवलेले एक अंकल राहायचे. मोडक्या गिटारांचे पिकअप त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते. तिथे साडू मला घेऊन गेला, कारण अशा वेळी बरोबर शिकलेलं माणूस असावं. अंकलच्या बायकोने केक आणि चहा दिला. साडूने एकेक पिकअप फडक्यावर मांडून घेतला, टाचण्या चिकटवून चुंबकाचा जोर पाहिला, जळका वास येतो का म्हणून नाकाला लावला आणि चौकशी आरंभली. हा आधी कुठे होता, किती वर्षं होता, तिथून का निघाला, तापट आहे की शांत. शेवटी अंकल कंटाळून म्हणाले, "ए बाबा, पिकअप हाय, पोरगी नाय." तरी दोन रविवार गेलेच. तिसऱ्या रविवारी त्याने दोन निवडले, मानेजवळ बसवायला एक गोड आवाजाचा आणि खाली एक तिखट, दोन वेगवेगळ्या गिटारींचे. निघताना अंकलनी सहज विचारलं, पहिल्यांना काय झालं होतं. साडूने दिव्याची हकिकत सांगितली. अंकल म्हणाले, "सिरीजवर लावला? मग धूर येनारच रे. ती तार एवढी वीज सोसते काय? चांगले होते ते."

साडू स्टेशनापर्यंत माझ्या पुढे पुढे चालला. पुलाच्या पायऱ्यांशी थांबला आणि म्हणाला, "दुसऱ्यांदा वाट लावली यार मी त्याच्या गिटारची." मला एवढा राग आला होता, तीन रविवार फुकट गेले होते, आणि नेमकं तेव्हाच या माणसाने माझं तोंड बंद केलं.

खरा छळ पुढेच होता. गिटार जोडल्यावर जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून सतत घूं असा आवाज यायला लागला. साडूचं म्हणणं, त्याच्या बोरिवलीच्या चाळीत सगळे दोन पिनांचे प्लग, त्यामुळे अर्थ नाही. वायरमन लोक अर्थिंगला अर्थ म्हणतात. आणि नात्यागोत्यात धड अर्थ असलेला तीन पिनांचा पॉइंट एकच होता, माझ्या स्वयंपाकघरात, हिच्या नव्या मिक्सरचा. मिक्सर खाली उतरला, गिटार वर चढली. रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत मी दहावीच्या मुलींना कविता शिकवायचो. एखाद्या कडव्याचा भावार्थ रंगात येऊन सांगावा, आणि आतून आवाज यावा, "नाय रे, यात अर्थच नाय!" मी पुढचं कडवं घ्यावं. "आता थोडा अर्थ लागतोय, पण लूज आहे." मुली वहीत तोंड खुपसून हसायच्या. दोन पालकांनी येऊन विचारलं, की आत दुसरे सर बसतात का.

बरं, घूं कमी झालं तर दोन पिकअपचं आपसात पटेना. एकेकटे छान बोलायचे, एकत्र लावले की आवाज किरटा. साडू दोघांची समजूत घातल्यासारखा वायर हातात धरून बसायचा. शेवटी एकाच्या दोन वायरी उलटसुलट केल्या आणि आवाज भरला. "एकाने पडतं घेतलं की झालं," तो हिला म्हणाला. हिने माझ्याकडे पाहिलं. माझा काय संबंध होता?

मे महिन्यात भाऊ आला, आणि अर्थातच माझ्या स्वयंपाकघरात आला. साडूने बटण दाबलं. थोडं घूं अजून होतंच. साडूचा चेहरा उतरला. "माका काय ता पुरता घालवूक जमला नाय," तो भावाला मालवणीत म्हणाला. भावाने गिटार मांडीवर घेतली, तारांवर हात ठेवला आणि आवाज एकदम थांबला. "दादा, हात लागलो की ता गप होता. असांच असता," तो म्हणाला. मग त्याने ऑर्केस्ट्रातली एक जुनी धून वाजवली. बोटं आखडली होती, दोनदा चुकला. साडू ओट्याला टेकून, हातात पक्कड धरून ऐकत राहिला. डोळे पुसायला त्याने हिचं भांडी पुसायचं फडकं घेतलं, आणि त्या दिवशी हिने ते त्याच्याकडेच राहू दिलं.

भाऊ पुढच्या वर्षी कायमचा येणार होता. दर वर्षी तो पुढच्या वर्षी येणार असायचा. गिटार मात्र माझ्याकडेच राहिली आणि साडू दर रविवारी येत राहिला. बटण दाबायचा, घूं सुरू झालं की तारांवर पंजा ठेवायचा आणि शांत झालेला स्पीकर ऐकत बसायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, एवढं आहे तर शीक की वाजवायला." तो म्हणाला, "मी कशाला? तो वाजवणार. मी फक्त अर्थ बघतो."

निवृत्त होऊन तो मालवणकडे गावी गेला तेव्हाही गिटार नेली नाही. जाताना मला बजावून गेला, "तो आला तर इथेच येईल रे. पॉइंट मोकळा ठेव." दुसऱ्याच्या घरातल्या पॉइंटवर इतका हक्क सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. हिचा मिक्सर आजही बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे, चटणी तिथेच वाटली जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगता सांगता मला घाम फुटतो. रविवारी सकाळी मात्र मीच ती गिटार माळ्यावरून खाली काढतो. बटण दाबतो, घूं सुरू होतं. मग तारांवर हात ठेवतो आणि हिने चहाला हाक मारेपर्यंत तो तसाच ठेवतो.