सातव्या वस्तीचा मेसेज

"तक्त्यातली चौथी आणि सातवी ओळ सारखीच आहे, निकाल मात्र उलटा. सातवी वस्ती काढून टाक," आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. रिपोर्ट त्याच आठवड्यात द्यायचा होता.

वसईतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी काम करते. चाळिशीनंतर क्यूसीए ही पद्धत शिकत होते. मोजकी गावं घ्यायची, कुठे काय होतं आणि काय नव्हतं ते एक आणि शून्यात मांडायचं, आणि कोणत्या गोष्टी एकत्र आल्या की काय घडतं ते शोधायचं. आमचा प्रश्न होता, वादळाचा इशारा आल्यावर कोणत्या कोळी वस्त्यांच्या सगळ्या बोटी परततात?

चौथ्या आणि सातव्या वस्तीत मच्छीमारांची सोसायटी होती, जेटी होती, इशाऱ्याचा मेसेजही आला होता. चौथीच्या बोटी परतल्या. सातवीची एक आली नाही. अशा ओळींना विसंगत ओळी म्हणतात. त्या दिसल्या की पुसायच्या नसतात, परत गावात जायचं असतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी मॅडमकडून दोन दिवस मागून घेतले.

न परतलेली बोट मंदाताईंच्या नवऱ्याची होती. त्यांचा फॉर्म पहिल्या फेरीत मीच भरला होता. मेसेज मिळाला का, विचारलं. त्या हो म्हणाल्या. मी मेसेजच्या रकान्यात एक लिहून उठले होते.

या वेळी मेसेज कोणाला आला, ते विचारलं. बोंबील वाळत घालता घालता त्या थांबल्या.

"माज्या फोनवर आला. नंबर माजाच दिलेला. ते दर्यात. मी फोन लावत ऱ्हायले, लागला नाय. त्याना कोन सांगनार?" पुढचा बोंबील हातात घेत म्हणाल्या, "तुमी तवा ह्ये विचारलं नाय."

तो मेसेज त्यांनी अजून पुसला नव्हता.

चौथ्या वस्तीत कळलं, तिथे सोसायटीत वायरलेस सेट आहे. इशारा आला की एकजण बसून प्रत्येक बोटीला हाक देतो.

मग मी मेसेजचा रकाना फोडून दोन केले. मेसेज घरी आला, हा एक. बोटीवर पोचला, हा दुसरा. सगळ्या वस्त्यांना पुन्हा विचारलं. दुसऱ्या रकान्यात चौथीला एक आला, सातवीला शून्य; विसंगती राहिली नाही. मॅडमनी शीट दोनदा वाचलं आणि मुदतवाढीचं पत्र स्वतः लिहिलं. पुढच्या हंगामाआधी सातव्या वस्तीत सेट बसला.

पद्धतीत खोट नव्हती. प्रश्न अर्धा होता, आणि तो मी विचारला होता.