बायांची लाइन

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, बहिणीले नाई, देवासमोर हात जोडूनही नाई. तुले सांगून राह्यली — अन् पाह्य, सांगाच्या आधीच अंगात कशी तरतरी आली! लाज वाटाले पाह्यजे ना? पण आर्वीचं नाव निघालं का आजही मी जाग्यावर बसत नाई. याले काय म्हणावं?

रोहण्याले सून होऊन आली तव्हा गावात लाइट नवीनच आलती. लाइट आली अन् तिच्या मांगं बिल आलं. बिल भराचं कुठं? आर्वीले, तालुक्याच्या गावी, विजेच्या ऑफिसात, खिडकीवर. वावरातलं काम टाकून माणसं एसटीनं जात, उन्हात रांगेत उभी राहत, अन् नंबर आला न आला तं खिडकी बंद! कोणी मास्तरच्या हाती पैसे धाडे, कोणी लाइनमनच्या मांगं मांगं फिरे. मंग माह्या सासऱ्याले कोणीतरी सांगतलं — तिथं बायांची लाइन वेगळी असते, अन् तिच्यात उभं राहाले कोणी नसतेच. झालं! घरात दहावी शिकलेली बाई कोण? मीच.

पहिल्यांदा गेली तो दिवस — अवं माय! इकडं टोपीवाल्यांची लांबच लांब लाइन, सारे घामाघूम, अन् मी पदर सावरत सरळ खिडकीशी. बाबूनं पैसे घेतले, पावतीवर ठप्पा मारला, सुट्टी! उरलेला दिवस सारा माह्या एकटीचा. बांगड्यांच्या दुकानात शिरली. गरमागरम आलूबोंडा खाल्ला, तोंड पोळलं तरी खाल्ला. मांगून कोणी आवाज देणारं नाई, पदर घसरला तं डोळे वटारणारं नाई. लग्न झाल्यापासून मी अशी कव्हा होती?

मंग सारी गल्ली आपली बिलं मले देऊ लागली. म्हातारी माणसं अंगणात येऊन विचारत — बाई, कव्हा जातं वो आर्वीले? त्या दिवशी सासूही मले चुलीपाशी बसवे नाई. मी अशी फुगून जाई, का विचारू नको.

आता देवीदास. तोच सांगाचा आहे, अन् त्याच्याच नावापाशी मी अडून राह्यली.

आमच्या गल्लीच्या टोकाले त्याचं घर. दम्याचा माणूस. कापसाच्या दिवसात त्याले श्वास घेणं मुश्कील, वावरात राबणं तं दूरच. बायको सिंधू दुसऱ्याच्या वावरात वेचणीले जाये. पण देवीदास शिकलेला होता, अन् नाकासमोर चालणारा. अशात ऑफिसानं नवीन सोय काढली — गावातच एका माणसानं बिलाचे पैसे घ्यावे, पावती द्यावी, अन् सारे पैसे आर्वीले नेऊन भरावे. त्याचं त्याले थोडंसं कमिशन. ते काम देवीदासले भेटलं! सावलीत बसून कराचं काम! सिंधूनं गल्लीत घरोघरी साखर वाटली. मीही तोंडात टाकली, हासली, अन् घरात जाऊन रडली.

कारण माही आर्वी गेली ना. आता मले कोण धाडन? कायले धाडन?

थोड्या दिवसांनी सासूच्या डोळ्याचं औषध आणाले मी आर्वीले गेली. विजेच्या ऑफिसाकडं फिरकलीही नाई. अन् वापस आली तं हापशीवर बायाईले म्हणून बसली — खिडकीवरचा बाबू म्हणे बाप्पा, गावातल्या पावत्या चालत नाई, लाइन कटली तं आमच्याकडं येऊ नका. असं कोणीच म्हटलं नोहतं! तोंडातून गेलं अन् माही छाती धडधडाले लागली — भेवानं नाई, खुशीनं. आता बिलं माह्याकडं येतीन, आता मी जाईन! दुसरं काईच नाई आलं मनात. अन् हापशीवरची गोष्ट घराघरात पोचतवर देवीदासनं पैसे खाल्ले, अशी झाली. ते मी म्हटलं नोहतं. पण तसं नाई, हेही मी कोणाले म्हटलं नाई.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर लोक जमले. देवीदास आर्वीच्या ऑफिसात पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन आला, धापा टाकत एकेकाले दाखवू लागला. कोणाले काय समजे? मंग त्यानंच माह्याकडं पाह्यलं.

"वहिनी, तुम्ही इतक्या खेपा बिल भरलं. तुम्हीच सांगा या लोकाईले, ठप्पा खरा आहे का नाई?"

पावती माह्या हातात. सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले — सासरा, नवरा, गावातले मोठमोठे माणसं. एवढ्या माणसात सुनेचा शब्द कव्हा कोणी ऐकलता? अन् मले — कसं सांगू तुले — मले मजा आली! मी पावती उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली.

"भाऊजी, ठप्पा वेगळाच दिसून राह्यला."

बस, एवढंच बोलली मी. देवीदासले खोकल्याची अशी उबळ आली का तो तिथंच खाली बसला. सिंधू त्याले धरून घरी घेऊन गेली.

आर्वीले जाऊन कोणी खरंखोटं केलं का? कायले करन? खिडकीवरचं सारं जिले समजते तीच बोलली, मंग झालं! देवीदासकडं बिल द्याले कोणी जाईना. सिंधूले वेचणीले कोणी बोलवेना. दिवाळीच्या आधीच दोघं घराले कुलूप लावून दूर नागपूर रस्त्यावरच्या जाम गावाले निघून गेले. त्या दिवशी मी कुठं होती? एसटीत, खिडकीजवळ, मांडीवर साऱ्या गल्लीची बिलं घेऊन. हिरव्यागार बांगड्या भरल्या मी त्या दिवशी. तव्हा मले झोप लागे नाई असं म्हणलं, तं तेही खोटं होईन. मस्त लागे.

काई वर्षांनी नागपूरहून हिंगणघाटले लग्नाले जाऊन राह्यली होती, तं बस जामले थांबली. रस्त्याच्या हॉटेलात भट्टीजवळ एक माणूस भजे तळत होता. सारा धूर तोंडावर, अन् झारा हातात धरून खोकलत होता. देवीदास! मी तोंड फिरवलं, पण त्यानं मले ओळखलंच. वहिनी, वहिनी करत चहा घेऊन खिडकीशी आला. खरंच आनंद झालता त्याले. सिंधू कशी आहे म्हटलं, तं म्हणे, मांगं भांडे घासून राह्यली. मंग ग्लास माह्या हाती देल्ला.

"वहिनी, ते मनात ठेवू नका. तुमची काय चूक? ठप्पा पुसटच होता."

मी चहा प्याली. ग्लास त्याच्या हाती वापस देल्ला. बस सुटली.

ठप्पा पुसट नोहता. जांभळी शाई, गोल काठ, आतलं अक्षर न् अक्षर लख्ख होतं. अगदी तोच ठप्पा होता, अन् मी तो पाह्यल्याबरोबर ओळखला. मले आर्वीले जायाचं होतं.