राणीचा पलंग

माझ्याकडे एक पलंग आहे, तळहाताएवढा. रंग लाल, उशाशी पिवळी फुलं, पाय हिरवे. आईच्या आजीपासून चालत आलेल्या लाकडी बाहुल्यांच्या संसारातला. बाकीचा संसार, म्हणजे राजा-राणी, खुर्च्या, झोपाळा आणि बोटभर आरसा, राजाजीनगरला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे आहे.

ही वाटणी भांडणातून झाली. आई गेल्यावर चामराजपेटचं घर रिकामं करताना अक्कानं थोरलेपणाच्या जोरावर सगळं पेटीत भरलं. माझं डोकं फिरलं. मी पलंग उचलून पर्समध्ये टाकला. मुद्दाम पलंगच. आमच्यात नवरात्रात बाहुल्या मांडतात आणि दसऱ्याच्या संध्याकाळी राणीला पलंगावर निजवतात. ती निजली की दुसऱ्या दिवशी मांडणी उतरवायची. पलंगावाचून अक्काचं अडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अडलंच. पहिल्याच दसऱ्याला फोन आला, "पलंग घेऊन ये गं. मुक्कामालाच ये." मी तोऱ्यात गेले, पुरणपोळ्या हाणल्या, सकाळी पलंग घेऊन परत आले. तेव्हापासून दर वर्षी हेच. एरवी आम्ही दोघी फोनवर पाच मिनिटं धड बोलत नाही.

यंदा मात्र माझ्या घराजवळच, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकनं अंत पाहिला. गुडघा ठणकत होता, ऑटो जागची हलत नव्हती. ऑटोवाले अण्णा "स्वल्प इरी, अम्मा" म्हणत मला थांबायला सांगत होते. थांबून थांबून मी ठरवलं, पुरे झाला हा हट्ट. पलंग अक्कालाच देऊन टाकायचा.

दिवेलागणीला पोचले. राणीला निजवलं. अक्कानं तिच्या अंगावर खणाचा तुकडा घातला.

"अक्का, पलंग आता इथंच राहू दे," मी म्हणाले. "गुडघा दुखतो, माझ्यानं एवढं येणं होत नाही."

मला वाटलं खूश होईल. तिचा चेहराच पडला. उठून तिनं कपाटातून एक कागदाची पुडी आणली नि माझ्यापुढे सोडली. आत पलंग! तसाच लाल, तीच पिवळी फुलं, चन्नपट्टणहून करवून घेतलेला. त्याला कधी हातही लागलेला दिसत नव्हता. गुंडाळलेला कागद मात्र पार जुनाट झाला होता.

"हा कधीचा?"

"तू तो नेलास, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा."

"मग काढला का नाहीस?"

"काढला असता तर तू आली असतीस काय?"

मी इतकी वर्षं हिला अडवल्याच्या घमेंडीत होते! स्वतःचा रागही आला आणि रडूही आलं. अक्कानं नवा पलंग पुन्हा गुंडाळला.

"गुडघा दुखतो ना? सरी, ठीक आहे. पुढच्या दसऱ्याला राणीला घेऊन मी येते बेळ्ळंदूरला. तू स्वल्प बरं जेवायला कर म्हणजे झालं."

सकाळी निघताना तिनं जुना पलंग पदरानं पुसला आणि आपल्या हातानं माझ्या पर्समध्ये ठेवला.